फेस्टा : पाहुण्यांची की गावाची?

माल्टाची सहल विकणाऱ्या माहितीपत्रकांत तिथल्या गावजत्रेचे, म्हणजे 'फेस्टा'चे, वर्णन ठरलेले असते. सजवलेले रस्ते, बँडची मिरवणूक, रात्री शोभेची दारू आणि हातात नोगटचा तुकडा. पाहुण्याने यावे, फोटो काढावेत, परत जावे. यात खोटे काही नाही. पण जत्रा कुणाची, हेच त्यातून गळते.

ते मला जेरेमी बॉइसेव्हेन या मानववंशशास्त्रज्ञाच्या लेखनातून उमगले. 'सेंट्स अँड फायरवर्क्स' (१९६५) या पुस्तकात त्यांनी दाखवले, की फेस्टा म्हणजे नुसती भक्ती नव्हे. कित्येक गावांत दोन तट, त्यांचे दोन संत, दोन बँड क्लब आणि कुणाची आतषबाजी सरस यावरून चुरस. हे सारे हळूहळू ओसरेल, असे त्यांना तेव्हा वाटले होते. झाले उलटेच. 'रिव्हायटलायझिंग युरोपियन रिच्युअल्स' (१९९२) या आपणच संपादित केलेल्या ग्रंथात त्यांनी उत्सव वाढल्याची नोंद केली. आपला अंदाज असा जाहीरपणे तपासणारे अभ्यासक थोडेच.

मग हे श्रेय पर्यटकांचे का? मला तसे वाटत नाही. 'पर्यटकांनी उत्सव बिघडवला' हा उलटा सूरही मला पटत नाही. सिज्जीवी गावाचेच पाहा. तिथला संत निकोलस; चर्चच्या पंचांगात त्याचा दिवस ६ डिसेंबर. गावाची मोठी मिरवणूक मात्र जूनच्या शेवटच्या रविवारी निघते. हवा चांगली असते, आणि उन्हाळा हाच परदेशी गेलेल्यांचा घरी येण्याचा मोसम. सोयीसाठी तारीख हलवली म्हणून उत्सव नकली ठरला नाही, कारण मूर्ती गावकऱ्यांच्याच खांद्यावर असते आणि वर्गणीही तेच देतात. दारूकामही बहुतांशी हौशी मंडळीच करतात. त्यातला धोका लहान नाही : २०१० साली गोझो बेटावर दारूच्या कारखान्यातील स्फोटात सहा जण गेले. या हौसेचे मी कौतुक करणार नाही. पण एवढी जोखीम कुणी पाहुण्यांच्या टाळ्यांसाठी घेत नाही, एवढे खरे.

२०२३ साली युनेस्कोने माल्टाच्या फेस्टाला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. आनंद आहे. मात्र यादीत गेलेली गोष्ट जपून ठेवण्याची वस्तू होऊन बसते, ही धास्तीही आहे. भांडणाऱ्या दोन बँड क्लबांना कुणी समजूतदार केले, तर फेस्टा देखणी होईल आणि कदाचित संपेलही.

आपण परदेशस्थ मंडळी 'हॉल शनिवारीच मिळतो' म्हणून गणेशोत्सव मागेपुढे करतो आणि दरवर्षी तिथीवरून वाद घालतो. सिज्जीवीकडे पाहता ती चिंता सोडून द्यावी. विचारायचे ते एवढेच : मोदक केटररचे, आरती कॅसेटवरची, आणि आपण सारे खुर्च्यांवर, असे तर होत नाही ना? आपल्याच उत्सवात आपण पर्यटक झालो, तर दोष कोणत्या माहितीपत्रकाला देणार?