विद्यार्थ्यांची बातमी आणि तिची कसोटी

शालेय पत्रांतील लेखनाची पारख करताना शुद्धलेखन आणि भाषेचा डौल यांकडेच आपले लक्ष जाते. बातमीची कसोटी मात्र निराळी आहे. अमेरिकेत कॅन्सस राज्यातील पिट्सबर्ग हायस्कूलच्या 'बूस्टर रिडक्स' या विद्यार्थीपत्राने ३१ मार्च २०१७ रोजी नवनियुक्त मुख्याध्यापिकेविषयी एक बातमी छापली. ज्या विद्यापीठाच्या पदव्या त्यांनी सांगितल्या होत्या, त्याला मान्यता आहे काय, याचा शोध मुलांनी घेतला आणि हाती लागलेल्या विसंगती मांडल्या. ४ एप्रिलला मुख्याध्यापिकेने राजीनामा दिला.

या बातमीचे श्रेय त्या राजीनाम्यात आहे, असे आम्हांस वाटत नाही. तिचा मुख्य मथळा केवळ नेमणुकीची वार्ता देतो. विसंगतींचा उल्लेख उपमथळ्यात येतो. शोध धीट, शब्द मात्र मोजके. हा संयम अनुभवी पत्रकारांसही सहज साधत नाही. राजीनामा आला नसता, तरी या लेखनाचे मोल रतिभरही उणे झाले नसते.

आपल्या शाळेतील मुलांनी असे काही लिहिले, तर आपण त्यांना गुण देऊ की समज? बातमीच्या परीक्षेत खरा परीक्षार्थी कोण, हे तेव्हाच कळेल.