समायोजन कोणी करायचे?

‘समायोजन’ हा शब्द आपण समाजशास्त्राच्या वर्गात फार सहज वापरतो. परदेशातून आलेला माणूस यजमान समाजाशी कसे जुळवून घेतो, त्याची भाषा, त्याचे अन्न, त्याची कमाई कशी बदलते, हे तपासायचे. तपासणी होते ती आलेल्याची. ज्याच्या दारात तो उभा आहे, त्याला कोणी प्रश्न विचारत नाही. मीही हे असेच शिकवत आलो आहे.

मी वारज्यात राहतो. पुण्यात सुदान, केनिया, टांझानियातून मुले शिकायला येतात. मागच्या वर्षी आमच्या सोसायटीत एक फ्लॅट दोन सुदानी विद्यार्थ्यांना भाड्याने देण्याचा विषय निघाला. कोणी म्हणाले, त्यांच्या स्वयंपाकाचा वास येतो. कोणी म्हणाले, ‘त्या लोकांचे’ काही खरे नसते. ही दोन्ही वाक्ये माझ्या ओळखीची होती. पहिली नोकरी लागली तेव्हा खोली बघायला गेलो. घरमालकाने आडनाव विचारले आणि खोली ‘कालच गेली’ होती. तरीही मी बैठकीत गप्प बसलो. विरोध करणाऱ्यांत दोघे आपलेच होते, घरात बाबासाहेबांचा फोटो लावणारे. हे आधी सांगितल्याशिवाय इतरांच्या दांभिकतेवर लिहिण्याचा मला अधिकार पोचत नाही.

विद्यार्थी व्हिसावर नोकरी करता येत नाही. घरून येणाऱ्या पैशावर भागवायचे, म्हणून एका खोलीत चौघे राहतात. मग तोच समाज म्हणतो, बघा, एका खोलीत चौघे राहतात! आर्थिक समायोजनाची वाट कायद्याने बंद, सामाजिक समायोजनाची घरमालकाने; आणि अपयश मात्र त्या पोरांच्या नावावर.

आफ्रिकी माणूस या मातीत रुजतच नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी मलिक अंबर आठवावा. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. १६१० साली त्याने खडकी वसवली, तेच पुढचे औरंगाबाद. जमिनीच्या प्रतीप्रमाणे सारा ठरवणारी त्याची पद्धत महाराष्ट्राने पुढेही लक्षात ठेवली. १६२४ साली भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्याच बाजूने लढले. पण तो केवळ गुणांवर चढला, असे म्हणणे भाबडेपणाचे आहे. त्या दख्खनी दरबारांना परका लढवय्या हवा होता. त्याला विकत घेणारा चंगेजखान स्वतः हबशी होता आणि निजामशाहीचा पेशवाही होता. वर जायला एक शिडी होती.

ज्यांना शिडी मिळाली नाही त्यांचे काय झाले, ते उत्तर कन्नड जिल्ह्यात दिसते. पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेल्या गुलामांपैकी जे निसटले, ते यल्लापूर-हल्याळच्या जंगलात शिरले. त्यांचे वंशज सिद्दी कोकणी बोलतात. त्यांच्यात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती असे तिन्ही आहेत. भाषा घेतली, देव घेतले, शेजाऱ्यांचे कपडे घेतले. पुस्तकी व्याख्येने याहून पुरे समायोजन कोणते? पण पिढ्यान्‌पिढ्या राबले ते दुसऱ्यांच्या सुपारीच्या बागांत. अनुसूचित जमातीत त्यांचा समावेश झाला तो २००३ साली.

आणि आपले साहित्य? १९४६ साली बाबासाहेबांनी द्यू बॉईस यांना पत्र लिहून, अमेरिकेतल्या निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. १९७२ साली दलित पँथरने आपले नावच ब्लॅक पँथरवरून घेतले. या नात्याचा आपल्याला अभिमान आहे, आणि तो रास्त आहे. पण काळा माणूस आपल्याकडे आला तो अमेरिकेहून, पुस्तकातून. पुस्तकातला माणूस भाड्याने खोली मागत नाही. वारज्यात, कोंढव्यात भाजी घेणारा, पोलिसांत नोंदणीचे कागद घेऊन फिरणारा आफ्रिकी तरुण आपल्या कथेत मला तरी भेटलेला नाही. बंधुभाव सातासमुद्रापलीकडचा असला की फार स्वस्त पडतो.

तो फ्लॅट पुढे एका कंपनीत काम करणाऱ्या कुटुंबाने घेतला. ती दोन मुले कुठे राहायला गेली, हे मी विचारले नाही.