राज्यशास्त्रातील संशोधनाची मोजदाद

कोणत्या विषयावर किती लेख निघाले आणि कोणाचा निर्देश किती जणांनी केला, हे मोजून शास्त्राचा कल ठरविण्याच्या पद्धतीस ग्रंथमिती म्हणतात. राज्यशास्त्राच्या प्रबंधांतून तिचे आलेख आता सर्रास आढळतात. त्यांची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. विस्मृतीत गेलेला एखादा लेख अशा गणनेने पुन्हा दृष्टीस पडतो. प्रश्न आहे तो मोजलेल्या वस्तूचा.

रजनी कोठारी यांचा काँग्रेस 'व्यवस्थे'वरील लेख १९६४ साली 'एशियन सर्व्हे'त प्रसिद्ध झाला. पुढे १९६७च्या निवडणुकांनंतर अनेक राज्यांत काँग्रेसची सत्ता गेली आणि त्या सिद्धान्ताची फेरतपासणी सुरू झाली. लेखाचा आधार घेणारा, त्यात दुरुस्ती सुचविणारा आणि तो खोडून काढणारा अशा तिघांचेही निर्देश गणनेत प्रत्येकी एकच भरतात. म्हणजे वाद जितका कडाक्याचा, तितकी मान्यता मोठी, असा भास होतो!

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. या निर्देशसूचींचा भर मुख्यतः इंग्रजी नियतकालिकांवर असतो. महाराष्ट्रात १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या. त्यांच्या आणि सहकारी साखर कारखान्यांच्या राजकारणावर मराठीत झालेले लेखन तेथे क्वचितच सापडते. आलेखात ती जागा कोरी दिसते. मग 'या विषयावर संशोधन झालेले नाही' असे वाक्य प्रबंधाच्या पहिल्याच प्रकरणात निःशंकपणे येते, आणि वाईच्या 'नवभारत'चे जुने अंक त्याच विद्यापीठाच्या ग्रंथालयात न उघडता राहतात.