तारवातील विसरलेले प्राणी

मराठवाड्याच्या वेशीवरील कनेरगाव नाका येथून वाशीम जिल्हा अगदी जवळ. प्राणिसंग्रहालय मात्र फार दूर. तेथील शाळकरी मुलांना मराठवाड्यातच पिंजऱ्यातील वाघ पाहायचा, तर सहल छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानाकडे न्यावी लागते. याच उद्यानातील संग्रहालयाची मान्यता केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने 2018 साली रद्द केली. जागा अपुरी आणि सोयी उण्या, हे कारण. पुढे दिलासा मिळाला व संग्रहालय चालू राहिले. तरीही त्या बातमीने मनात जो प्रश्न उभा केला तो मिटला नाही: दार बंद झाले, तर आतल्या जिवांचे काय? या प्रश्नासह आम्ही यान मार्टेल यांची ‘लाइफ ऑफ पाय’ ही 2001 सालची कादंबरी पुन्हा वाचली. 2002 च्या बुकर पुरस्काराने आणि आंग ली यांच्या 2012 मधील चित्रपटाने ती जगभर पोहोचली आहे. तिचे मोठेपण आम्हांस मान्य आहे. परंतु या प्रश्नापुढे ती कोठे टिकते आणि कोठे डगमगते, हे पाहणे अगत्याचे वाटते.

ख्रिस्ती वाचक या कादंबरीकडे वळतो तो बहुधा तिच्या नायकाच्या श्रद्धेमुळे. पाँडिचेरीतील प्राणिसंग्रहालयाच्या मालकाचा मुलगा पाय पटेल हिंदू घरात वाढतो, मुन्नारला फादर मार्टिन यांच्याकडून ख्रिस्ताची ओळख करून घेतो आणि पुढे नमाजही शिकतो. क्रूसाचे गूढ त्याला उलगडत नाही, तेव्हा तो दृष्टान्त घेतो तोही पिंजऱ्यांचाच: सिंहांनी इतर प्राणी मारले, म्हणून बापाने प्रायश्चित्तादाखल आपल्या मुलालाच सिंहांपुढे टाकावे काय? अशा भाबड्या वाटणाऱ्या, पण खोल प्रश्नांत लेखकाचे सामर्थ्य आहे.

आणीबाणीच्या काळात पायचे वडील देश सोडण्याचे ठरवतात. संग्रहालय बंद होते. बरेच प्राणी अमेरिकेतील संग्रहालयांना विकले जातात आणि कुटुंबासह एकाच जपानी मालवाहू जहाजावर चढतात. 1977 च्या जुलैत ते जहाज प्रशांत महासागरात बुडते. जीवरक्षक नावेत उरतात पाय, पाय मोडलेला झेब्रा, तरस, ओरांगउटान आणि रिचर्ड पार्कर नावाचा वाघ. हे नावसुद्धा कारकुनी चुकीने मिळालेले: कागदावर शिकाऱ्याचे नाव वाघाला लागले आणि वाघाचे शिकाऱ्याला. माणसाने प्राण्याची नोंद किती निष्काळजीपणे करावी, याचे याहून नेमके चित्र आम्हांस आठवत नाही.

प्राण्याला मोकळेपणापेक्षा सुरक्षितता आणि ठरलेली हद्द अधिक प्रिय असते, म्हणून चांगला पिंजरा हे त्याचे घरच होय, असा युक्तिवाद पाय आरंभी करतो. तो अगदीच टाकाऊ नाही. परंतु त्याचा सारा भार ‘चांगला’ या एका शब्दावर आहे. पटेलांचे संग्रहालय नीटनेटके आहे. चाऱ्याची उधारी, गळके छप्पर, एकटे पडलेले जनावर तेथे दिसत नाही. हलाखीतले संग्रहालय लेखकाने रंगवलेच नाही, म्हणून त्याचा युक्तिवाद सोपा झाला.

आमचा खरा आक्षेप शेवटाला आहे. जहाज का बुडाले हे विचारायला आलेल्या जपानी अधिकाऱ्यांना पाय दुसरी कथा सांगतो. तीत झेब्रा म्हणजे जखमी खलाशी, तरस म्हणजे आचारी, ओरांगउटान म्हणजे आई आणि वाघ म्हणजे तो स्वतः. कोणती कथा सरस, या प्रश्नाशी लेखक देवावरील श्रद्धा जोडतो. वाचक भारावतो. पण या क्षणी प्राणी प्राणी राहत नाहीत, माणसांचे मुखवटे होतात. आणि जहाजाच्या तळाशी जे बुडाले, त्यांच्याविषयी तर कोणीच काही विचारत नाही. अधिकाऱ्यांना कारण हवे आहे, वाचकाला अर्थ हवा आहे. हिशेब कोणालाच नको.

उत्पत्तीच्या पुस्तकातील तारवाशी ही कथा ताडून पाहावी. तेथे प्रलयात परमेश्वर नोहाची आठवण करतो, तशी तारवातील पशूंचीही करतो. आणि पाणी ओसरल्यावरचा करार केवळ माणसांशी नव्हे, सर्व सजीवांशी होतो. तेथील पशू कशाचीही रूपके नाहीत. ते मोजून आत घेतलेले आणि मोजून बाहेर सोडलेले आहेत.

वास्तवातील कथा अशाच मोजदादीच्या असतात. दिवंगत पोप फ्रान्सिस ज्या ब्युनोस आयरेसचे महाधर्मगुरू होते, तेथील एकोणिसाव्या शतकातले प्राणिसंग्रहालय 2016 साली बंद करण्याचा निर्णय झाला. सान्ड्रा या ओरांगउटान मादीला 2015 मध्ये न्यायालयाने हक्क असलेली ‘मानवेतर व्यक्ती’ मानले होते. तरी फ्लोरिडातील आश्रयस्थानी पोहोचायला तिला 2019 उजाडले. फाटकावर पाटी एका दिवसात लागते, आतले रिकामे व्हायला वर्षे लागतात. पुण्याच्या पेशवे उद्यानातील 1953 पासूनच्या संग्रहालयाचेही तेच. 1999 साली कात्रजचे उद्यान सुरू झाले आणि जुने पिंजरे टप्प्याटप्प्याने ओस पडले. सिद्धार्थ उद्यानातील शक्ती व करिश्मा ही वाघांची जोडी 2020 च्या फेब्रुवारीत मुंबईच्या राणीच्या बागेत गेली. पुढल्या वर्षी तेथे त्यांना वीरा नावाची बछडी झाली. या प्रवासात वादळ नाही, चमत्कार नाही. पिंजरा, परवाने, तपासणी आणि नव्या जागी जनावर खाऊ लागेपर्यंत वाट पाहणारा राखणदार, एवढेच. 1991 च्या कायदा दुरुस्तीने मान्यतेवाचून संग्रहालय चालवण्यास मनाई केली, ती याच हिशेबासाठी.

तथापि कादंबरीवर अन्याय होऊ नये. तिच्या मध्यभागी लेखकाने एक सत्य नकळत सांगून ठेवले आहे. संग्रहालय विकले गेले, मालक बुडाला, कागद बुडाले. तरीही 227 दिवस पाय वाघासाठी मासे पकडतो, पाणी साठवतो, घाण काढतो. भीतीपोटी का होईना, तो राखणदारच राहतो. किनारा लागताच वाघ मागे वळूनही न पाहता रानात जातो आणि पाय रडतो. राखणदाराला आभाराचा हक्क नसतो, हे त्या प्रसंगाइतके स्पष्ट आम्ही अन्यत्र वाचले नाही. संग्रहालय बंद होते, राखण बंद होत नाही. पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या 2015 च्या पत्रात बाग राखण्याची जी आज्ञा पुन्हा आठवून दिली, तिचा अर्थ आम्ही तरी असाच घेतो.

म्हणून ही कादंबरी वाचावी. मात्र ‘कोणती कथा सरस’ या तिच्या प्रश्नावर थांबू नये. कोणत्याही नाक्यावर गाडी अडवून विचारतात तेच तिला विचारावे: आत कोण आहे, कोठे निघाले आहे आणि पोहोचेपर्यंत जबाबदार कोण? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे लेखकाने सुरेख दिली आहेत. तिसऱ्याचे उत्तर वाचकाने आपल्या शहरातील संग्रहालयाच्या फाटकाशी उभे राहून द्यायचे आहे.