मागाहून आलेला रसिक

आपल्या पुण्यात रसिकतेचा निवाडा पुष्कळदा साक्षीपुराव्यावर होतो. कोणी तरुणाने बालगंधर्वांच्या गाण्याविषयी दोन शब्द बोलावेत, की शेजारचा वडीलधारी माणूस विचारतो, "तुम्ही नारायणरावांना प्रत्यक्ष ऐकलेत?" उत्तर नकारार्थी येणार हे ठाऊक असूनच तो प्रश्न विचारलेला असतो. बालगंधर्व 15 जुलै 1967 रोजी गेले. त्यांना भरात असताना ऐकलेली पिढीही आता उरलेली नाही. परंतु प्रश्न मात्र उरला आहे. फक्त त्यातले नाव बदलते. आता तो भीमसेन जोश्यांच्या बाबतीत विचारला जातो. त्यांना जाऊन 2011 च्या जानेवारीपासूनचा काळ लोटला आहे, तेव्हा ज्यांनी त्यांना सवाई गंधर्व महोत्सवाच्या मांडवात ऐकले ते साक्षीदार ठरतात, आणि ज्यांनी घरी बसून ध्वनिमुद्रिका ऐकली ते मागाहून आलेले.

या मागाहून आलेल्या रसिकाची बाजू मांडावी असे बरेच दिवस मनात होते. निमित्त आमच्या शाळेतल्या मुलांचे झाले. नववी-दहावीच्या वर्गांत दरवर्षी एखाददुसरा मुलगा किंवा मुलगी अशी भेटते की जिला 'बीटल्स' या इंग्रज वाद्यवृंदाने झपाटून टाकलेले असते. तिच्या आजीच्या तरुणपणी तो वृंद मोडला. त्याच्या चौघांपैकी जॉन लेनन 1980 साली आणि जॉर्ज हॅरिसन 2001 साली वारले. तरीही ही सदाशिव पेठेतली पोर त्यांची गाणी पाठ म्हणते, आणि कोणते गाणे कोणी रचले यावर डबा खाताना वाद घालते. तिला दोन्हीकडून ऐकून घ्यावे लागते. बरोबरीची मुले म्हणतात, हे जुने झाले. घरचे म्हणतात, हे आपले नव्हे. काळही तिचा नाही आणि देशही तिचा नाही. मग हे प्रेम तिने आणले कोठून? ते खरे मानायचे, की वयाबरोबर उतरणारा ताप समजायचे? साहित्य आणि कला शिकवणाऱ्या माणसाला हा प्रश्न टाळता येत नाही. कारण ज्ञानेश्वर आणि तुकाराम शिकवताना आम्ही तरी दुसरे काय करीत असतो? तेथे तर आम्ही सगळेच मागाहून आलेले असतो.

'आपले' आणि 'परके' यांच्या तारखा किती जवळजवळ पडतात ते पाहावे. बीटल्सची पहिली ध्वनिमुद्रिका लंडनमध्ये 5 ऑक्टोबर 1962 रोजी बाहेर पडली. त्यानंतर तीनच दिवसांनी, 8 ऑक्टोबरला, पुण्यात बालगंधर्व रंगमंदिराचे भूमिपूजन खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते झाले. 1967 च्या उन्हाळ्यात बीटल्सची 'सार्जंट पेपर' ही तबकडी आली, आणि त्याच जुलैत बालगंधर्वांनी देह ठेवला. 26 जून 1968 रोजी रंगमंदिर उघडले तेव्हा हा वृंद नव्या तबकडीच्या मुद्रणात गुंतला होता. एका परंपरेचा अस्त आणि दुसरीचा भर असा एकाच पंचांगात नोंदलेला आहे. आजच्या मुलांना दोन्ही सारखीच दूर आहेत. त्यांनी एकीला आजोबांची म्हणून मान द्यावा आणि दुसरीला परकी म्हणून सोडावे, ही अपेक्षा कलेच्या न्यायातून निघत नाही. ती घराण्याच्या अभिमानातून निघते.

परंतु दोन्हीकडे मागाहून येण्याचा अर्थ सारखा नाही. बालगंधर्वांचे गाणे रंगभूमीवर जन्माला आले. 'स्वयंवरा'तले पद प्रेक्षकांच्या 'वन्समोअर'वर वाढत जाई. मागे थिरकवांचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी असे, आणि पुढे त्या रात्रीचा श्रोता असे. तबकडीच्या एका बाजूवर मावणाऱ्या तीन-साडेतीन मिनिटांत त्याचा सांगाडा राहिला, झाड राहिले नाही. म्हणून 'प्रत्यक्ष ऐकलेत काय' हा प्रश्न तेथे केवळ उद्धटपणाचा नसतो. त्यात तथ्य असते. जे ऐकायला मिळते ते मूळ कृतीचा अवशेष असते.

बीटल्सच्या बाबतीत मात्र हा प्रश्न एका ठराविक वर्षापुढे लागू पडत नाही. त्यांची पहिली मोठी तबकडी बहुतांशी एका दिवसात, 11 फेब्रुवारी 1963 रोजी, ध्वनिमुद्रित झाली. ती त्यांच्या रंगमंचावरच्या गाण्याची छापील प्रत होती असे म्हणता येईल. पण 1966 च्या एप्रिलमध्ये ते 'टुमॉरो नेव्हर नोज' हे गाणे करू लागले तेव्हा गोष्ट बदलली. त्यात सुरुवातीपासून अखेरपर्यंत तंबोऱ्यासारखा एक स्वर धरलेला आहे, फितीचे तुकडे वर्तुळात फिरवून काढलेले आवाज आहेत, उलटी वाजवलेली गिटार आहे. हे गाणे चार माणसांना व्यासपीठावर उभे राहून त्या काळी गाताच आले नसते. 29 ऑगस्ट 1966 रोजी सॅन फ्रान्सिस्कोला त्यांचा तिकीट लावून झालेला शेवटचा जलसा झाला. तो जेमतेम अर्ध्या तासाचा होता, आणि तीन आठवड्यांपूर्वीच प्रसिद्ध झालेल्या 'रिव्हॉल्व्हर' या तबकडीतले एकही गाणे त्यात नव्हते. त्यानंतर त्यांनी जलसे बंद केले. पुढची कृती म्हणजे ध्वनिमुद्रिकाच. लंडनमधल्या त्या वेळच्या श्रोत्याने जे ऐकले तेच आमच्या शाळेतली मुलगी ऐकते. तिच्या हाती उष्टे आलेले नाही. कादंबरीच्या वाचकाचे जसे असते तसेच हे आहे. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीचा आजचा वाचक उशिरा आला म्हणून त्याला कमी पाने मिळत नाहीत.

असे असले तरी उशिरा येण्याने काहीच हरवत नाही असे म्हणणे खोटे ठरेल. हरवते ती वाट पाहणे. त्या काळच्या श्रोत्याला ही सुमारे दोनशे गाणी साडेसात वर्षांत, हप्त्याहप्त्याने मिळाली. आजचा श्रोता ती एका दिवसात ऐकू शकतो. पुढे काय येणार हे ठाऊक नसताना ऐकणे आणि सगळा शेवट ठाऊक असताना ऐकणे या दोन वेगळ्या अवस्था आहेत. दुसऱ्या अवस्थेत प्रत्येक गाणे मोठेपणाच्या उजेडात उभे असते, आणि वाईट गाणेही पवित्र वाटू लागते.

येथेच भक्त आणि रसिक यांच्या वाटा फुटतात. मागाहून आलेल्याला आपण साक्षीदार नव्हतो याची मनात कोठेतरी बोच असते. ती तो माहितीने भरून काढतो. कोणते गाणे कोणत्या तारखेला, कितव्या खेपेस साधले, हे सगळे त्याला तोंडपाठ असते. माहिती वाईट नव्हे. मीही या लेखात तारखांची कंजुषी केलेली नाही. परंतु माहितीची वही भरली म्हणजे आस्वाद पुरा झाला, अशी समजूत होऊन बसते. अशा मुलांना मी एक अभ्यास देतो. 1968 च्या नोव्हेंबरात आलेल्या त्यांच्या पांढऱ्या वेष्टनाच्या जोड-तबकडीत तीस गाणी आहेत. त्यांचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांचेच मत होते की, निवड करून एकच चांगली तबकडी काढायला हवी होती. मी सांगतो, तीसमधली चौदा ठेवा आणि उरलेली का गाळली ते लिहा. भक्त असतो तो रागावतो, एकही गाळणार नाही म्हणतो. रसिक आठवडाभर तळमळतो, यादी तीनदा बदलतो, आणि अखेर आणून देतो. त्याने काय ठेवले आणि काय गाळले याला फारसे महत्त्व नाही. गाळताना त्याने कारण शोधले, म्हणजे त्याने ऐकले.

आता 'आपले नव्हे' या आक्षेपाकडे वळू. या आक्षेपाला आपल्याकडे एक लाडके उत्तर आहे: त्यांनी आपली सतार घेतली! हे उत्तरही मला तितकेच उथळ वाटते. एकाने परके म्हणून झिडकारायचे आणि दुसऱ्याने आपल्याकडून घेतले म्हणून मिरवायचे; गाणे दोघांनीही ऐकलेले नसते. ऐकायचे तर क्रमाने ऐकावे. 1965 च्या 'नॉर्वेजियन वुड'मध्ये हॅरिसनच्या हाती सतार आहे. चाल खमाज थाटाच्या स्वरांत फिरते, मधल्या भागात गंधार कोमल होतो. पण सतार येथे गिटारीच्याच मापाने चालते. तिचे काम रंगापुरते आहे. 'लव्ह यू टू' मध्ये गाणेच सतार-तबल्यासाठी बांधलेले आहे, आणि तबला वाजवणाऱ्या अनिल भागवतांचे नाव 'रिव्हॉल्व्हर'च्या वेष्टनावर छापलेले आहे. 1967 च्या 'विदिन यू विदाऊट यू' मध्ये दिलरुबे गळ्याच्या बरोबरीने चालतात, मधल्या वाद्यभागात ताल दहा मात्रांचा होतो, आणि शेवटी मार्टिन यांनी पाश्चात्त्य व्हायोलिनवाल्यांना दिलरुब्याच्या मींडीमागे चालायला लावले आहे. या गाण्यातली शिकवण मला जराशी प्रवचनी वाटते. परंतु एका परंपरेचे वादक दुसऱ्या परंपरेची मींड बोटांत आणू पाहतात, हे ऐकताना अंगावर काटा येतो.

1968 च्या जानेवारीत हॅरिसन मुंबईला आला आणि एच. एम. व्ही. च्या ध्वनिमुद्रणगृहात त्याने भारतीय वादकांना घेऊन काम केले. 'द इनर लाइट'चा वाद्यभाग तेथे झाला. त्यातली बासरी हरिप्रसाद चौरसियांची आणि सरोद आशिष खाँ यांचे. शब्द चिनी ताओग्रंथावरून घेतलेले, तेही ह्वान मास्कारो या गीतेच्या इंग्रजी भाषांतरकाराने सुचवलेले. या गाण्यात हार्मोनियमही आहे. हे वाद्य युरोपातून आलेले. आपल्या नाट्यसंगीताने ते आणि त्याचा थोरला भाऊ ऑर्गन असे आपलेसे केले की, त्यांच्यावाचून 'मानापमान'ची कल्पना करवत नाही. आणि त्याच हार्मोनियमला आपल्या नभोवाणीने 1940 पासून सुमारे तीस वर्षे दाराबाहेर ठेवले होते. म्हणजे मुंबईत ते मुद्रण चालले होते तेव्हा 'आपले काय' हा प्रश्न आपल्याच घरात मिटलेला नव्हता. आपलेपण जन्माने कमी आणि वापराने जास्त ठरते, याला यापेक्षा जवळचा दाखला सापडणार नाही.

माझ्या मते मागाहून आलेल्या आणि बाहेरून आलेल्या रसिकाचा खरा आदर्श हॅरिसन हाच आहे. तो रविशंकरांच्या गाण्यावाजवण्याचा भक्त होता. परंपरा त्याची नव्हती, भाषा त्याची नव्हती, आणि बैठक घालून सतार हाती घेतली तेव्हा तेविशी उलटली होती. 1968 च्या सुमारास त्याने ओळखले की आपण मोठे सतारिये होणार नाही, आणि तो गिटारीकडे परतला. गुरूवरचे प्रेम मात्र सुटले नाही. 1 ऑगस्ट 1971 रोजी न्यूयॉर्कला बांगलादेशच्या निर्वासितांसाठी त्याने आणि रविशंकरांनी जलसा केला. तेथे वादकांनी वाद्ये जुळवून घेतली, तोच श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. जुळवणेच इतके आवडले तर वादन अधिक आवडेल अशी आशा रविशंकरांनी नम्रपणे बोलून दाखवली. त्या टाळ्या भक्तांच्या होत्या. 1997 साली रविशंकरांच्या मंत्रगायनाच्या तबकडीची निर्मिती हॅरिसननेच केली, तोवर तो तीस वर्षे ऐकत आलेला होता. त्याच्या पुढच्या गिटारवादनात तारेवरून नळी सरकवून काढलेला जो लांब, गळ्यासारखा स्वर येतो, त्यात मला मींडेचा भास होतो. सतारीची नक्कल सोडल्यावरच ती त्याच्या हातात उतरली असावी.

आपल्याकडे बालगंधर्वांची नक्कल गावोगावी झाली. हुबेहूब गाणारे कितीतरी झाले आणि विसरले गेले. बीटल्सच्या तरुण भक्तांनाही हाच मोह आहे: तसाच सूर, तसेच उच्चार, तसेच केस. त्यांनी 2021 साली प्रसिद्ध झालेला 'गेट बॅक' हा जवळजवळ आठ तासांचा चित्रपट नीट पाहावा. 1969 च्या जानेवारीत हॅरिसन आपले 'ऑल थिंग्ज मस्ट पास' हे गाणे सोबत्यांना ऐकवतो, काही दिवस ते घोळवले जाते, आणि अखेर बाजूला पडते. पुढच्या वर्षी ते त्याच्या स्वतंत्र तबकडीचे शीर्षकगीत झाले. ज्यांच्यावर आपले इतके प्रेम आहे त्या चौघांनाही घरातले रत्न ओळखता आले नाही, हे पाहणे भक्ताला जड जाते. वृंद मोडला तेव्हा त्यांतल्या एकानेही तिशी गाठलेली नव्हती. ती तरुण, थकलेली, चुकणारी माणसे होती. 2023 साली लेननच्या जुन्या फितीवरचा आवाज यंत्राने वेगळा काढून 'नाऊ अँड देन' हे गाणे पुरे करण्यात आले. मुले ते ऐकून रडली. मी त्यांना एवढेच विचारले की, गाण्याने रडू आले की आठवणीने? एका मुलीने थोडा वेळ विचार करून उत्तर दिले, "आठवण तर माझी नाहीच, सर."

वडीलधाऱ्यांना माझे इतकेच मागणे आहे. अशा मुलाला 'तू तेव्हा होतास का' असे विचारू नये; 'यातले तुला काय आवडले नाही' असे विचारावे. त्याला उत्तर देता आले तर शेजारी बसवून घ्यावे, आणि 'स्वयंवरा'तले एखादे पद त्याच्याबरोबर ऐकावे. तो तेथेही मागाहूनच आलेला आहे, पण कान घेऊन आलेला आहे.