आपली आवड

टीकाकार व्हायला काय लागतं, मला ठाऊक नाही. पण बँकेच्या काउंटरवर बसून गेली बावीस वर्षं मी चेकवरच्या सह्या पाहतो आहे. समोरचा माणूस कितीही हसतमुख असला तरी त्याच्या सहीकडे संशयाने बघायचं, हा आमचा पगारी धर्म. टीकेला याहून निराळं काय लागत असेल? तेव्हा वाचकहो, आज मी एका यंत्राची सही तपासायला घेतली आहे.

यंत्र म्हणजे लोणच्याच्या बरणीच्या झाकणाएवढी एक गोल डबी. गेल्या दिवाळीत आमच्या मेहुण्यांनी ती भेट दिली. मेहुणे दरवर्षी सोनपापडी देतात. त्यामुळे खोकं हातात येताच सौ.ने ते पुढे कुणाच्या माथी मारायचं याची यादी मनात केली होती. पण चिरंजीवांनी खोकं फोडलं आणि डबी बैठकीच्या खोलीत बसली. तिला काटा नाही, खुंटी नाही, कॅसेटचा खण नाही. तिचं नाव घेऊन गाणं सांगायचं की गाणं सुरू. नाव घेतल्याबरोबर काम होतं हे आम्ही आजवर फक्त पोथीत वाचलं होतं. सरकारी कचेरीत नाही आणि, प्रामाणिकपणे सांगतो, बँकेतही नाही.

आमच्या लहानपणी गाणं निवडणं हे कर्जाच्या अर्जासारखं होतं. डोंबिवलीत स्टेशनजवळ एक दुकान होतं, तिथे कॅसेट भरून मिळायची. (हे कायद्यात बसत होतं का, याची चौकशी मी तेव्हा केली नाही आणि आता करायला भीती वाटते.) वहीच्या पानावर गाण्यांची यादी करायची, कोरी कॅसेट द्यायची आणि आठ दिवस वाट बघायची. साठ मिनिटांची कॅसेट, एका बाजूला तीस. त्यात तेरा गाणी बसत. चौदावं घातलं तर ते अंतऱ्यात कापलं जाई आणि पुढे जन्मभर ते गाणं दुसऱ्याच्या घरी पुरं ऐकलं तरी आपल्याला त्याच जागी ठेच लागे.

ही तेरा गाणी ठरवायला घरात बैठक बसे. वडिलांची चार, दादाची पाच, माझी चार. चार नि पाच नऊ नि चार तेरा. हिशेब चोख. त्या सगळ्या चर्चेत स्वयंपाकघरातून आईची एकच सूचना येई, "जरा बारीक करा रे तो आवाज." संगीताबद्दलचं तिचं एवढंच मत आम्हाला चाळीस वर्षं माहीत होतं.

तर आता डबी. डबीच्या पोटात काहीच नसतं, सगळं बाहेरून येतं. स्पॉटिफायसारख्या कंपनीकडे दहा कोटींहून जास्त गाणी आहेत. आकडा दिसला की कॉमर्सच्या पदवीधराचा हात आपोआप पेनकडे जातो. एक गाणं तीन मिनिटांचं धरू. दहा कोटी गाणी म्हणजे तीस कोटी मिनिटं, म्हणजे पन्नास लाख तास, म्हणजे दोन लाख आठ हजार दिवस, म्हणजे सुमारे ५७० वर्षं. आज सगळं ऐकून संपवायचं असेल, तर शिवाजी महाराजांच्या जन्माआधी पावणेदोनशे वर्षं ऐकायला बसायला हवं होतं. तेही न झोपता, आणि मध्ये कुणी दारावरची बेल वाजवली नाही तर.

एवढं समोर आलं की माणूस काय करतो? काही करत नाही. आमच्याकडे एक पेन्शनर आजोबा येतात. त्यांना मुदत ठेवीच्या सतरा योजनांचा तक्ता दाखवला की ते चष्मा काढून पुसतात, परत लावतात आणि म्हणतात, "साहेब, तुम्हाला योग्य वाटेल ते करा." मी साहेब नाही, हे त्यांनाही माहीत आहे. आमच्या घरी तेच होतं. जेवताना काय ऐकायचं यावर वीस मिनिटं खल होतो, आमटी निवते आणि शेवटी डबीला योग्य वाटेल ते वाजतं.

डबीला काय योग्य वाटतं, तेही ऐका. आपण काय ऐकलं, काय अर्ध्यात सोडलं, आपल्यासारखी इतर माणसं काय ऐकतात, याची ती नोंद ठेवते आणि त्यावरून 'खास तुमच्यासाठी' म्हणून यादी करते. कल्पना उत्तम. पण मे महिन्यात मेहुण्यांची धाकटी चार दिवस राहायला आली आणि तिने माकडाचं एक गाणं चाळीसदा लावलं. तेव्हापासून डबीची अशी समजूत आहे की या घरात जे ४५ वर्षांचे गृहस्थ राहतात ते बालवाडीत आहेत. पुराव्यावर चालणाऱ्या यंत्रापुढे माणसाने काय बोलावं?

दुसरा आरोप जास्त गंभीर आहे. रामनवमीला आम्ही गीतरामायण लावतो. गदिमा आणि बाबूजींचं हे काम पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ ला सुरू झालं आणि दर आठवड्याला एक याप्रमाणे ५६ गीतं वर्षभर चालली. म्हणजे रामजन्म ऐकल्यावर सीतेचं लग्न लागेपर्यंत लोकांना किती आठवडे वाट बघावी लागली असेल! आणि लोकांनी ती बघितली. आम्हाला सगळी ५६ एका दमात मिळाली. फक्त गाणी क्रम मोडून वाजवायची कळ चालू राहिली होती. परिणामी सीतेचा आधी त्याग झाला आणि स्वयंवर नंतर. रावण मेला, मग सेतू बांधला. पुढे भरत रामाची विनवणी करत असताना मध्येच एक बाई पर्सनल लोनबद्दल बोलू लागली. फुकटच्या सोयीत जाहिराती ऐकाव्या लागतात. सौ. म्हणाली, "भरताने तेव्हा घेतलं असतं लोन." आत आई म्हणाली, "अरे, रामाचा जन्म तरी होऊ द्या!" तो दुपारी सव्वातीनला झाला.

तिसरा आरोप घाईचा. याच स्पॉटिफायच्या हिशेबात गाणं तीस सेकंद वाजलं की ते ऐकलं गेलं. तीस सेकंदांत आमच्या वेळच्या गाण्यांची सनईसुद्धा संपत नसे. नुसत्या सुरुवातीच्या तुकड्यावरून गाणं ओळखायची आम्ही पैज लावायचो. चिरंजीवांचा अंगठा तेवढ्यात तीन गाणी पुढे गेलेला असतो.

चौथा आरोप शांततेचा. पूर्वी संध्याकाळी गल्लीतून चालत गेलं तर एकच गाणं घराघरातून पुढे सरकत आपल्याबरोबर यायचं, असं वडील सांगत. आता आमच्या चार माणसांच्या कानात चार बोंडं आणि घरात लॉकर रूमची शांतता. डबी सर्वांसाठी आणली खरी, पण तिच्यावर काय लावायचं याचं एकमत होत नाही, म्हणून जो तो आपापल्या कानात राहायला गेला.

आता कुणी म्हणेल, पूर्वी तरी निवड कुठे लोकांच्या हातात होती? खरं आहे. १९५२ साली बा. वि. केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. लोकांनी काय ऐकावं याबद्दल त्यांची मतं पक्की होती आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हद्दपार झाली. लोकांनी वाद घातला नाही, काटा फिरवला आणि सिलोन लावलं. अखेर १९५७ मध्ये विविध भारती काढावी लागली. एका मराठी माणसाने ठरवलेली आवड मराठी माणसांनीसुद्धा ऐकली नाही, याचा मला थोडा अभिमानच वाटतो. तेव्हा दुसऱ्याच्या निवडीवर हसायला आपण तयार असतो. स्वतःच्या घरातली निवड कोण करत होतं, हे मात्र मला गेल्या महिन्यापर्यंत सुचलं नव्हतं.

गेल्या महिन्यात अंगात कसकस होती म्हणून मी दुपारीच घरी आलो. दार लोटलेलं होतं. आत आई कुणाशी तरी बोलत होती. पाहतो तर डबी स्वयंपाकघरात, मिसळणाच्या डब्याशेजारी. आईच्या हातात कालनिर्णयच्या जुन्या पानाचा तुकडा. त्याच्या पाठीवर नातवाच्या अक्षरात लिहिलेलं, 'प्ले – सुमन कल्याणपूर – मराठी – साँग्ज'. आईने ते दत्ताच्या आरतीइतक्या सावकाश म्हटलं आणि शेवटी स्वतःचं 'प्लीज' जोडलं. डबीने गाणं लावलं. आई दोन क्षण थांबली.

"ही नव्हे गं. ही लता. लता छानच गाते, पण मला सुमन हवी."

आईने पुन्हा सगळा मंत्र म्हटला. या खेपेला बरोबर लागलं. "थँक्यू गं," आई म्हणाली आणि गवार मोडायला बसली.

मी दारातच उभा. आईला सुमन कल्याणपूर आवडते ही बातमी मला या वयात लागत होती. "कधीपासून?" मी विचारलं.

"कॉलेजात असल्यापासून."

"कधी बोलली नाहीस?"

"त्यात बोलायचं काय? लागलं की ऐकायचे."

मग गवारीबरोबर एकेक निघत गेलं. लग्नाआधी ती मुंबई केंद्राच्या 'आपली आवड'ला पत्रं टाकायची. घरातली कार्डं मोजलेली असत, म्हणून मैत्रिणीकडून घेऊन. चार टाकली. एकदा रेडिओवर नाव लागलं.

"मग ऐकलंस?"

"कुठलं! नळाला पाणी आलं होतं. शेजारच्या काकूंनी हाका मारल्या. घागर टाकून धावत आले तेव्हा शेवटचं कडवं चालू होतं. आडनावही चुकीचं सांगितलं म्हणे."

लग्नानंतर पत्र नाही. आमच्या घरी रेडिओ बाहेरच्या खोलीत, शोकेसवर. खुंटी वडिलांची. बातम्या, क्रिकेट, नाट्यसंगीत. सुमन कल्याणपूर लागली की वडील म्हणत, "अगदी लतासारखी गाते." वडिलांनी कौतुकच केलं होतं. पण या बाईंचं उभं आयुष्य असल्या कौतुकात गेलं, ज्यात नाव दुसरीचंच असायचं. साठच्या दशकात रॉयल्टीवरून लता आणि रफी यांचं बिनसलं, तेव्हा रफीबरोबरची कितीतरी द्वंद्वगीतं सुमनताईंनी गायली. काही वर्षांनी भांडण मिटलं. पद्मभूषण मिळालं ते २०२३ साली. आवाजातलं साम्य कुणाच्याही कानाला कळतं. 'मला सुमन हवी' म्हणायला निराळा कान लागतो. तो कान आमच्या घरात होता आणि आम्ही त्याला फोडणीच्या आवाजाची साथ देऊन भिंतीपलीकडे बसवला होता.

रात्री ताप नव्हता, पण झोप लागेना. त्या कॅसेटचा हिशेब पुन्हा मांडला. चार नि पाच नऊ नि चार तेरा. बी.कॉम.ला शिकवतात, तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर असतो असं समजू नका. एखादी रक्कम चुकीची पडली तर तेरीज बोंब मारते. पण एखादी नोंद मुळातच राहून गेली तर दोन्ही बाजू बिनबोभाट जुळतात. या चुकीवर परीक्षेत मी आठपैकी सात मार्क मिळवले होते.

तेव्हा निकाल असा. या डबीवरचे चारही आरोप मी कायम ठेवतो. ती क्रम मोडते, घाई शिकवते, माणसांना आपापल्या कानात पाठवते आणि मला बालवाडीत घालते. पण एका बाबतीत तिची सही पास करावी लागेल. तिला घरातली रीत कळत नाही. कर्ता पुरुष कोण, खुंटी कुणाची, बाहेरची खोली कुठली, आतली कुठली, यातलं तिला काही ठाऊक नाही. म्हणून जो बोलेल त्याचं ती ऐकते. एवढ्याशा अडाणीपणामुळे जे काम होऊ शकलं, ते आम्हा तीन शिकलेल्या पुरुषांना चाळीस वर्षं जमलं नाही. यात यंत्राची थोरवी किती आणि आमची नोंद राहून गेलेली किती, हे ऑडिटरने बघावं.

शनिवारी बँकेला सुट्टी होती. डबी मी पुन्हा बैठकीच्या खोलीत आणली. आतल्या एका खुर्चीवरच्या चादरी काढून तीही बाहेर आणली आणि आईला म्हटलं, "आई, काय लावू?"

"लाव तुला आवडेल ते," आई म्हणाली.

पन्नास वर्षांची सवय एका शनिवारात कशी जाणार? मी डबीपुढे उभा राहिलो आणि सुमन कल्याणपूर लाव असं शुद्ध मराठीत सांगितलं. डबी गप्प.

"आधी प्ले म्हण," आई आतून म्हणाली, "नाहीतर ऐकत नाही ती."

मी प्ले म्हटलं. प्लीजही म्हटलं. गाणं सुरू झालं. चिरंजीव कानातली बोंडं काढून आले, एवढ्याचसाठी की आजीने बोलावलं होतं. पहिलं गाणं संपलं, दुसरं लागलं. आई पदराला हात पुसत येऊन खुर्चीत बसली. थोडा वेळ ऐकून माझ्याकडे न बघता म्हणाली,

"जरा मोठा कर रे आवाज."