दुपार नसलेली उद्याने

इंग्लंडातील बागकामाची सचित्र मासिके चाळणाऱ्याच्या एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही, ती ही की, त्या चित्रांतील बागांत दुपार म्हणून कधी होतच नाही. तिरपे कोवळे ऊन, पाकळ्यांवरचे दहिवर, कुंपणापलीकडे विरत चाललेले धुके, हाच त्या उद्यानांचा अक्षय प्रहर. पाण्याची नळी, ढकलगाडी आणि मातीने हात बरबटलेला माळी तर चौकटीतून केव्हाच हद्दपार झाले. तंत्राची एवढी समृद्धी झाली असता दृष्टी इतकी एकमार्गी का व्हावी, याचे उत्तर कॅमेऱ्यापेक्षा करारनाम्यात अधिक सापडेल, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

इंग्रज उद्यानरचनाकार गर्ट्रूड जीकिल यांनी १८८५ च्या सुमारास छायाचित्रणास आरंभ केला, आणि १९०८ साली पुष्पवाटिकेतील वर्णयोजनेवर जो ग्रंथ लिहिला, त्यात स्वतः काढलेली चित्रे घातली ती कृष्णधवल! आदल्याच वर्षी ल्युमिए बंधूंच्या रंगीत छायाचित्रणाच्या ऑटोक्रोम काचा बाजारात आल्या होत्या खऱ्या. परंतु बटाट्याच्या पिष्टाचे रंगविलेले सूक्ष्म कण पसरलेल्या त्या काचेस प्रकाश फार वेळ द्यावा लागे, सबब जरा झुळूक आली की फुलांचे तुरे पुसट होत. जीकिलबाईंचे खरे बळ निराळेच होते. बाग त्यांची स्वतःची होती. आज बिघडलेले चित्र उद्या, किंवा पुढल्या जूनमध्ये, पुन्हा घेण्यास त्यांना कोणाची परवानगी काढावी लागत नव्हती.

पॅरिसच्या आत्जे या छायाचित्रकाराने १९२५ साली, वयाची अडुसष्टी गाठलेली असता, मार्चपासून जूनपर्यंत सो येथील ओसाडलेल्या सरदारी उद्यानात वारंवार जाऊन चित्रे घेतली, आणि त्यांतील कित्येकांवर सकाळचे किती वाजले होते तेही टिपून ठेवले. माती आणि वनस्पती यांच्याइतकाच काळ हाही उद्यानाचा उपादानपदार्थ आहे, हे त्या रूक्ष नोंदींइतके चोखपणे पुष्कळ रसाळ लेखांनाही सांगता आलेले नाही.

आजच्या व्यावसायिक छायाचित्रकारास पुन्हा पुन्हा जाण्याची ही चैन परवडत नाही. जूनमध्ये लंडनकडे पावणेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो. त्यापूर्वीच दवाने भिजलेल्या हिरवळीवर तिपाई रोवून, वारा पडण्याची वाट पाहत हा गृहस्थ उभा असतो, आणि ऊन कडक झाले की त्याचा दिवस संपतो. चित्र छापले जाणार बहुधा पुढल्या वर्षीच्या त्याच हंगामात. तयार छायाचित्रे विकणाऱ्या चित्रसंग्रहांच्या स्वस्ताईने दर उतरल्यावर दुसऱ्या फेरीचा मेहनताना देणार कोण? मग एकाच पहाटेत जे हमखास साधते तेच साधले जाते.

डच उद्यानरचनाकार पीट आउडॉल्फ यांच्या हुमेलो येथील बागेने वाळलेल्या बोंडांचे आणि सुकल्या गवताचे सौंदर्य पटविले, तेव्हा या चाकोरीला तडा जाईलसे वाटले होते. तथापि हिमकणांनी मढलेले बोंड हाही आता एक ठराविक नमुना होऊन बसला आहे. आणि तोही, अर्थातच, पहाटेचाच.